एकूण नग : सत्तावीस

"कवी जिवंत आहेत का?" बाबरांनी खिडकीतून विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे श्वास घेतात का? साधा प्रश्न आहे, बाई. परिशिष्टात तुम्ही त्यांचं अख्खं पुस्तक झेरॉक्स करून लावलंय. कवी हयात असतील तर त्यांची लेखी परवानगी पाहिजे. नसतील तर तसा दाखला. दोनातला एक कागद आणा, मी लघुप्रबंध जमा करून घेतो."

"ते मौनात आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे वारले?"

"वारले नाहीत हो! पंधरा वर्षांपूर्वी एकच संग्रह काढला आणि लेखनाचा त्याग केला. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलेलं नाही. समीक्षेत ह्याला मौनाचं सौंदर्यशास्त्र म्हणतात."

परीक्षा विभागाच्या त्या खिडकीमागे बाबरांनी वीस वर्षं काढली होती. असल्या शब्दांनी त्यांच्या भुवईचा केससुद्धा हलत नसे. त्यांनी पहिलं पान वर करून नाव वाचलं. "रा. धों. खोत. म्हणजे रामचंद्र धोंडी? उंच, जरा वाकून चालणारा?"

"मला काय माहीत? मी बघितलेलं नाही."

"तो गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहे की! माझी मेहुणी गारगोटीत दिलीय. जाईन तेव्हा माईकवर ओरडत असतो. मौनात कसला डोंबलाचा!"

मी तिथल्या तिथे बाकावर बसले. ज्या माणसाच्या न बोलण्यावर मी अख्खं शेवटचं प्रकरण लिहिलं होतं, तो दिवसभर लाऊडस्पीकरवर बोलत होता.

ही गोष्ट १९८८ सालची, एप्रिलच्या सव्वीस तारखेची. तीस तारखेला माझे मार्गदर्शक जमखंडीकर सर निवृत्त होणार होते. त्यानंतर त्यांची सही चालणार नव्हती, आणि दुसरा मार्गदर्शक म्हणजे विषय पहिल्यापासून. इकडे गडहिंग्लजच्या एका कॉलेजात मला जूनपासून कायम करणार होते, पण एम.फिल.चा लघुप्रबंध जमा केल्याची पावती दाखवली तरच. चार दिवस हातात होते. तोपर्यंत पावती मिळाली नाही, तर बाडबिस्तरा उचलून हुपरीला घरी, आणि वडिलांचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना सांभाळत बसायचं. वडील तर म्हणतच होते, "पुष्पे, दोन वर्षांत मी ती सव्वीस कार्डं पाठ करून उलटी म्हणून दाखवली असती."

कार्डांचं सांगायला हवं. खोतांचा संग्रह म्हणजे पुस्तक नव्हतंच. एक तपकिरी पाकीट, त्यावर नाव 'वाटून घ्या', खाली पार्सलवर लिहितात तसं 'एकूण नग : २७', आणि आत पोस्टकार्डाएवढी सुटी जाड कार्डं. एकेका कार्डावर एकेक कविता. क्रमांक नाही, क्रम नाही, कुठूनही वाचा. एका कार्डाच्या दोन्ही बाजूंना 'हे कार्ड उलटे धरा' असं छापलेलं. एकावर 'दाराला मी आहे. मला दार नाही. आत कोण?' एवढंच. एकावर तर मधोमध एकच शब्द होता : 'तरी'. ह्या 'तरी'वर मी नऊ पानं लिहिली होती.

आमच्या भागात उत्तर-आधुनिक हा शब्द पहिल्यांदा जमखंडीकर सरांनीच उच्चारला असं म्हणत. सगळा विभाग त्यांना वचकून असे. कवितेचा अर्थ विचारला की ते खिडकीबाहेर बघत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बेडगे, अजून आत जा." दोन वर्षं हे एकच वाक्य. मी जात राहिले. खोतांच्या संग्रहाची प्रत सरांनी स्वतःची दिली होती, कारण दुसरी कुठे मिळतच नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी तीन-तीनदा मोजून त्यांच्याकडे गेले.

"सर, पाकिटावर सत्तावीस लिहिलंय. आत सव्वीसच आहेत."

सरांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "हं. अजून आत जा."

एखादी शहाणी मुलगी म्हणाली असती, एक कार्ड गहाळ झालं. पण मी उत्तर-आधुनिक कवितेची विद्यार्थिनी. गहाळ वगैरे आमच्यात काही होत नाही. मी त्यावर प्रकरण चौथं लिहिलं, 'अनुपस्थित सत्ताविसावे : रिक्ततेचे केंद्र', अडतीस पानं. न दिलेलं कार्ड हीच संग्रहातली सर्वश्रेष्ठ कविता, असं मी त्यात सिद्ध केलं होतं. त्या प्रकरणावर सरांनी लाल शाईने 'उत्तम' लिहिलं. दोन वर्षांतला तो एकमेव चांगला शब्द. त्या दिवशी मी मैत्रिणींना मिसळ खाऊ घातली.

बुधवारी सकाळी टंकलिखित प्रत पिशवीत घालून मी गारगोटीला उतरले. कंट्रोलरच्या जाळीमागे खाकी कपड्यांतला एक उंच माणूस माईकपुढे वाकून बसला होता.

"मला जरा..." मी सुरुवात केली.

"काय हरवलं असंल तर त्या वहीत लिवा," तो वर न बघता म्हणाला.

"हरवलं नाही. आपण कवी रा. धों. खोत ना?"

त्याने माईकचं बटण आधी बंद केलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हळू बोला की ओ, बाई. डेपोत कुणाला ठावं न्हाई. आत या."

आत एक लोखंडी खुर्ची होती. मी परवानगीचं सांगितलं, प्रत पुढे ठेवली. खोतांनी हात पँटला पुसले आणि पान उलटलं. आपल्यावर कुणी एकशे ऐंशी पानं लिहिली आहेत हे त्यांना खरंच वाटेना. प्रत्येक पान उलटलं की ते तळहाताने सपाट करत, आणि ते बघून मला उगाचच भरून आलं. तेवढ्यात घड्याळाकडे नजर गेली आणि त्यांनी माईक ओढला. "कडगाव मार्गे पाटगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे..." मग पुन्हा पान. दोन तासांत एकही गाडी त्यांनी चुकवली नाही. वाक्य अर्ध्यात टाकायचे, गाडी सांगायचे आणि त्याच शब्दापासून पुढे बोलायचे.

"सुट्या कार्डांचा आकार म्हणजे ग्रंथसंस्थेला दिलेला नकार," त्यांनी दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य बोट ठेवून वाचलं. "ह्ये मी म्हटलं हुतं?"

"तसं ध्वनित होतं."

"तसं न्हवं. प्रेसवाला लगीनपत्रिका छापायचा. पुस्तक शिवायचं यंत्रच न्हवतं त्याच्याकडं. कार्डं शिल्लक हुती, त्यावर छापलं." माझा चेहरा पडलेला बघून ते घाईने म्हणाले, "पर कुणी कुठनं बी वाचावं, ह्ये मात्र माझंच म्हणणं हुतं. मी तवा कंडक्टर. गाडीत माणूस कुठं बी चढतंय, कुठं बी उतरतंय. तेवढं तुमचं बरोबर हाय."

मग चौथं प्रकरण आलं. "ह्ये अनुपस्थित म्हंजे काय भानगड?"

मी खुर्चीत सरसावून बसले. रिक्तता, केंद्र, कवीने जाणूनबुजून रोखून धरलेली कविता, वाचकाला येणारा अभावाचा प्रत्यय, सगळं पंधरा मिनिटं समजावलं. मध्ये तीन गाड्या गेल्या. खोत तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होते. मी थांबले तेव्हा ते फार हळू, एखाद्याला वाईट बातमी सांगावी तसे म्हणाले, "बाई, सत्ताविसावं कार्ड हुतं."

"कुठे होतं?"

"पोष्टाचं कार्ड हुतं ते. साधं, दहा पैशाचं. एका बाजूला माझा पत्ता छापलेला, मागं कोरं. सव्वीस कविता माझ्या. सत्ताविसावी वाचणाऱ्यानं लिवायची न् पेटीत टाकायची. ज्यानं टाकलं त्याच्याकडं सव्वीस ऱ्हायली. ज्यानं टाकलं न्हाई, त्याच्याकडं सत्तावीस." त्यांनी खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. शिल्लक प्रत. मी मोजली. शेवटी खरंच एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड होतं. वर बारीक अक्षरात 'उरलेली कविता तुमची', बाकी कोरं.

माझी अडतीस पानं डोळ्यांपुढून गेली. लाल शाईचा 'उत्तम' गेला. गडहिंग्लजही निघायच्या तयारीत होतं.

"दोनशे पाकिटं वाटली," खोत सांगत होते. "नऊ कार्डं आली परत." त्यांनी कपाटावरून कंडक्टरची जुनी ॲल्युमिनियमची तिकिटाची पेटी खाली घेतली. तिकिटांच्या खणांत कार्डं उभी करून ठेवली होती. एका संपादकाने 'साभार परत' एवढंच लिहिलं होतं. मेहुण्याने 'कविता पोचल्या, मुलगी झाली, दोघी खुशाल' कळवलं होतं. सहा जणांनी अप्रतिम, क्रांतिकारी, युगप्रवर्तक असं काय काय लिहिलं होतं. खोतांनी नववं कार्ड शेवटच्या खणातून अलगद काढलं. "ह्ये मातर खरं."

अक्षर बघताच मी कार्ड उजेडाकडे धरलं. ती लाल शाई नव्हती, निळी होती, पण 'त'ची शेपटी तीच.

'आपल्या कविता चार वेळा वाचल्या. समजल्या नाहीत. टाकवतही नाहीत. समजल्यास कळवीन. — वि. ना. जमखंडीकर, अधिव्याख्याता. ११ नोव्हेंबर १९७३.'

"बाकी समद्यांस्नी एका वाचनात समजल्या," खोत म्हणाले. "ह्या एका मास्तरनं चार येळा वाचल्या न् न्हाई समजल्या म्हणून लिवलं. मला लई बरं वाटलं. म्हटलं, हा कळवंल, मग त्याच्या कळण्यावर पुढचं लिवू. पंधरा वर्सं वाट बघतोय. काय कळवलं न्हाई." ते पुढे वाकले. "त्ये जिवंत हायत का ओ?"

ह्याच प्रश्नावरून मी आदल्या दिवशी बाबरांवर चिडले होते. आता मी मान डोलावली. "आहेत. माझे मार्गदर्शक तेच आहेत."

खोतांनी ते कार्ड परत शेवटच्या खणात उभं केलं. मग त्यांनी एका छापील अर्जाच्या पाठीवर 'माझ्या कविता लावण्यास हरकत नाही' असं लिहिलं, सही केली आणि सवयीने खाली आगाराचा शिक्का मारला. शिल्लक पाकीट पिशवीत टाकताना म्हणाले, "मास्तरांस्नी द्या. त्यांचं कार्ड संपलंय. आता वर पाच पैशाचं तिकीट जास्तीचं चिकटवावं लागंल म्हणावं."

गुरुवारी सकाळी मी सरांच्या राजारामपुरीतल्या घरी गेले. बसमध्ये भांडणाची सगळी वाक्यं तयार केली होती. सर पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये जमिनीवर बसले होते.

"सर, सत्ताविसावं कार्ड होतं."

"अभाव हासुद्धा एका अर्थाने..."

"तुम्ही ते पोस्टात टाकलंत, सर. अकरा नोव्हेंबरला."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ह्या वेळी 'अजून आत जा' आलं नाही. आतून काकू कोकम सरबत घेऊन आल्या आणि आपण होऊन म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, नका पाठवू. ह्यांचीही नोकरी कायम व्हायची होती. समजत नाही असं लिहून देतं का कुणी? पण नाही. पेटीपर्यंत मलाच पाठवलं." आणि पेले ठेवून त्या आत गेल्या.

"तुम्हाला आठवत होतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मी सव्वीसच आहेत म्हणून सांगायला आले, तेव्हा आठवत होतं?"

"होतं."

"मग मला अडतीस पानं का लिहू दिलीत?"

"सांगायला गेलो असतो तर कार्डावर काय लिहिलं तेही सांगावं लागलं असतं," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही. "कायम झालो, प्रपाठक झालो, लोक मला ह्या कवितेतला अधिकारी म्हणायला लागले. मग समजत नाही म्हणायची सोय राहिली नाही. अजून आत जा, अजून आत जा म्हणून पोरांना पाठवत राहिलो. वाटायचं, कुणीतरी जाईल आणि बाहेर येऊन मला सांगेल. तुमचं चौथं प्रकरण वाचलं आणि वाटलं, ही पोहोचली. खरंच वाटलं, बेडगे. 'उत्तम' मी खोटं लिहिलेलं नाही."

भांडणाची वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. एवढ्या मोठ्या माणसाचा मला एकाच वेळी राग येत होता आणि त्याला थोपटावंसंही वाटत होतं.

"त्याने ते कार्ड ठेवलंय?" सरांनी विचारलं.

"तिकिटाच्या पेटीत. विचारत होते, मास्तर वारले का."

सर हसायला लागले. विभागात कुणी त्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं. मला तर आधी ठसकाच लागलाय असं वाटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसलं.

"आता प्रबंधाचं," ते सावरून म्हणाले. "आहे तसा द्या. बहिःस्थ परीक्षक पुण्याचे आहेत, त्यांना पत्ता लागणार नाही."

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण खोत 'ह्ये मातर खरं' म्हणाले होते, ते डोक्यातून जाईना. चार प्रतींतली अडतीस-अडतीस पानं दोन दिवसांत पुन्हा टंकणं शक्य नव्हतं. म्हणून रात्री मी एक युक्ती काढून ठेवली होती. बांधणीवाल्याकडून प्रत्येक प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा लावून घ्यायचा, ग्रंथालयाच्या पुस्तकाला असतो तसा, आणि त्यात एक सुटं कार्ड. मजकूर मी लिहूनच आणला होता : 'प्रकरण चौथे चुकीचे आहे. सत्ताविसावे कार्ड अनुपस्थित नव्हते. एका वाचकाने ते १९७३ साली पोस्टात टाकले होते.'

"ह्याला मार्गदर्शकाची सही लागेल," मी म्हणाले.

सरांनी कार्ड वाचलं. लाल पेन उघडलं. 'एका वाचकाने' हे शब्द खोडले आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'माझ्या मार्गदर्शकाने, कविता न समजल्यामुळे'. खाली सही केली. मग उरलेली तीन कार्डं मागून घेतली आणि त्यांवरही तसंच लिहिलं. निवृत्तीला दोन दिवस राहिलेल्या माणसाने असं लिहून देणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी पुरतं कळलं नाही.

निघताना मी खोतांचं पाकीट दिलं. सरांनी कोरं पोस्टकार्ड बाहेर काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "लगेच नाही जमायचं," ते म्हणाले.

शनिवारी बाबरांनी प्रत उलटसुलट करून पाहिली. परवानगीवरचा एस.टी.चा शिक्का बघून मान डोलावली. मग मागचा खिसा दिसला.

"हे काय? नियमात सुटं पान बसत नाही."

"पान नाही. कार्ड आहे."

बाबरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि दहा मिनिटं शोधलं. "कार्डाबद्दल काही लिहिलेलं नाही," ते नाइलाजाने म्हणाले आणि पावतीवर शिक्का हाणला.

मौखिकी सप्टेंबरात झाली. तोवर कॉलेज कधीही बोलावून काढून टाकेल ह्या धास्तीत मी दिवस काढले. पुण्याच्या परीक्षकांनी खिशातलं कार्ड टेबलावर ठेवलं होतं. "चौथं प्रकरण उत्कृष्ट आहे आणि चूक आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. मी आता विचारू काय?" ते म्हणाले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आता तरी समजल्या का ह्या कविता?"

"नाही, सर."

त्यांनी दार लागलेलं आहे ना ते पाहिलं. "मलाही," असं म्हणून त्यांनी मला पास केलं.

पुढे मी गडहिंग्लजला कायम झाले, रमले. आठ वर्षांनी एकदा कामानिमित्त गारगोटीला गेले होते आणि परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते, तर वरून लाऊडस्पीकर खरखरला. "गडहिंग्लजच्या बेडगे मॅडमनी कंट्रोलरच्या खिडकीकडं यावं." सगळं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं.

खोतांचे केस पांढरे झाले होते. महिनाअखेरीला तेही निवृत्त होणार होते. त्यांनी पेटीच्या शेवटच्या खणातून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. जास्तीचं तिकीट नीट चिकटवलेलं. अक्षर म्हातारं झालं होतं, पण 'त'ची शेपटी शाबूत होती.

'"तरी" हे कार्ड समजले. उरलेली पंचवीस वाचतो आहे. — वि. ना. जमखंडीकर.'

"काल आलं," खोत म्हणाले. "कळवतो म्हणाले हुते. कळवलं."

"काय समजलं असेल हो त्यांना?"

"त्ये मला काय ठावं? मी नुसतं लिवलं हुतं." त्यांनी कार्ड परत घेतलं, पुन्हा एकदा वाचलं आणि समोर माईकला टेकवून उभं ठेवलं. मग एक छापील अर्ज ओढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली.

फलाट दोनवर गडहिंग्लजची गाडी लागली. ती भरली, कंडक्टरने दोनदा घंटी दिली, ड्रायव्हरने खिडकीकडे बघून हॉर्न वाजवला. खोतांनी वर पाहिलं नाही, माईकही ओढला नाही. गाडी निघाली, वळली आणि स्टँडबाहेर गेली. माझी गाडी होती ती. मी त्यांना हाक मारली नाही.